जिन्यातलं नाव

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आणि ती चालते. बदलापुरात या दोन गोष्टी एकाच इमारतीत असणं म्हणजे काय, ते इथे फ्लॅट शोधलेल्या माणसाला विचारा. तरीसुद्धा गेला सगळा उन्हाळा मी आणि माझी थोरली बहीण कुंदाताई सकाळ-संध्याकाळ जिन्याने चढत होतो, आणि त्यावरून कोण काय बोललं ते माझ्या नीट लक्षात आहे. मी विष्णुपंत. आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचा अधिकारी होतो. माझ्या सहीशिवाय साधा वॉशर गेटबाहेर पडत नसे. अशा माणसाला भर इमारतीत कुणी 'किसणी' म्हणून हाक मारली, तर त्याने काय करावं? मी 'ओ' दिली. दुसरा इलाज नव्हता.

किसणीचं असं झालं. संक्रांतीनंतर ताईला झटका आला. उजव्या हातापायाची कमजोरी बरीचशी भरून आली, पण शब्द गेले. तिला समजायचं सगळं. कुणी खोटं बोललं की तिच्या भुवया पूर्वीसारख्याच वर जायच्या. फक्त तोंडातून भलताच शब्द बाहेर पडायचा. पाणी हवं असलं की 'खिडकी'. माई, म्हणजे माझी बायको, तिला 'सोमवार'. आणि मी किसणी. डॉक्टरांनी या दुखण्याला अफेजिया म्हणतात असं सांगितलं. माईने आपलं नवं नाव हसत मान्य केलं. सोमवार हा निदान शंकराचा वार आहे. किसणीला असा कसलाच आधार नाही.

आणि शब्द जावेत तरी कुणाचे? ताई विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, ते माइकवरून सांगण्याचं काम तिचं. माइक बंद पडला तरी तिचं काम अडत नसे, एवढा तो आवाज. त्याच आवाजामुळे आमच्या गोतावळ्यातल्या बहुतेक पोरांची नावं तिने ठेवली. बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा असतो. पण सख्खी आत्या हजर असलेल्या घरांतूनसुद्धा ताईला आमंत्रण यायचं, कारण ताईने कानात सांगितलेलं नाव मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवरच्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जायचं. माझ्या उन्मेषचं नाव तिनेच ठेवलं. तो तेव्हा दचकून जो रडायला लागला, तो जेवणं होईपर्यंत थांबला नाही.

या उन्मेषला मुलगा झाला. उन्मेषला सख्खी बहीण नाही, त्यामुळे आत्याच्या जागी कुंदाताईच, हे आमच्या घरात कधीचं ठरलेलं. पण सूनबाई वैदेही, जी बाळंतपणासाठी अंबरनाथला माहेरी होती, तिने फोनवर सांगितलं, "बाबा, नाव ठेवायला आपण शलाकाताईला सांगू या ना. कुंदाआत्यांना उगाच टेन्शन कशाला? त्या जवळ बसतील फक्त." शलाका म्हणजे उन्मेषची चुलत बहीण. पोरगी गुणी आहे. वैदेहीसुद्धा गुणी आहे, तिने हे मायेपोटीच सुचवलं. पण फोन स्पीकरवर होता आणि ताई समोर शेंगा सोलत बसली होती. तिने परात बाजूला सारली, उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवायलाही आली नाही. संध्याकाळी बाहेर आली ती थेट माझ्या पुढ्यात उभी राहिली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी."

एवढा एकच शब्द, पण अचूक होता. मी उन्मेषला सांगून टाकलं की नाव ताईच ठेवील.

"आणि सगळ्यांसमोर नाही जमलं तर, बाबा? तिला किती लागेल मनाला," उन्मेष म्हणाला.

"जमेल. माझी जबाबदारी."

हे वाक्य मी उभ्या नोकरीत उच्चारलं नव्हतं. क्वालिटीचा माणूस जबाबदारी नेहमी प्रॉडक्शनवर ढकलतो.

ताईला बोलण्याचे व्यायाम शिकवायला उन्नती नावाची एक मुलगी होती. अंबरनाथला तिचं छोटंसं क्लिनिक आहे. मी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, बारशापर्यंत एक नवीन नाव ताईच्या तोंडी बसवायचं आहे, काय लागेल ते सांगा. ती म्हणाली, "काका, नवीन शब्द म्हणजे अवघड असतो हं. एक करून बघू. थोडा दम लागेल असा व्यायाम करायचा आणि त्याला लागूनच शब्दांचा सराव. उतारवयात याचा फायदा होतो का, यावर अभ्यास चालू आहेत. गॅरंटी मी नाही देणार. आधी डॉक्टरांना विचारा, आणि आत्यांवर सक्ती नाही करायची." यातलं मी 'व्यायाम' एवढंच घेऊन घरी आलो, असं माईचं म्हणणं आहे. माईला माझ्याबद्दल बरीच मतं आहेत.

व्यायाम म्हटल्याबरोबर आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मिरचंदानी आंटी पुढे सरसावल्या. त्यांचं सासर-माहेर दोन्ही उल्हासनगरचं, त्यामुळे जगात जी जी वस्तू बनते ती विकणारा एक पुतण्या त्यांच्याकडे असतोच. "भाऊ, टेन्शन नको घेऊ. घर में बैठ के सायकिल चलाने का. मेरे भतीजे की दुकान है, एकदम होलसेल में देगा. दीदी चार दिन में बोलने लगेगी." सायकल आली. ती लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने वर आणली. प्रत्येक मजल्यावर एकेका दरवाजातून सल्ला मिळाला. कुणी म्हणालं आडवी करा, कुणी म्हणालं उभी करा, आणि चौथ्या मजल्यावरचे आमचे सेक्रेटरी भगवंतराव खाली वाकून म्हणाले, "विष्णुपंत, भिंतीचा रंग खरवडला तर खर्च तुमच्याकडे."

ताईने सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "म्हैस." शब्द चुकला होता, पण मत स्पष्ट होतं. मग तिला धीर यावा म्हणून मी स्वतः सायकलीवर चढून दाखवलं. माझ्या लेंग्याची नाडी कुठेच अडकली नाही, पण पाय अडकला, म्हणजे लेंग्याचा पाय. पेडल पुढेही जाईना आणि मागेही येईना. माईने कात्री आणून लेंगा कापला तेव्हा मी सुटलो. सायकल बघायला आलेली मंडळी अजून दारातच होती, हे इथे नमूद करणं भाग आहे. सध्या त्या सायकलीवर टॉवेल वाळतात आणि फार छान वाळतात.

मग आम्ही रस्त्यावर फिरायला निघालो. रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला. जिथे खणलेला नव्हता तिथे ओळखीची माणसं भेटत. शब्द गेलेल्या माणसाला ऐकूही कमी येतं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. जो तो ताईच्या कानाशी येऊन ओरडे, "कुंऽदाताई! ओळखलंत काऽ?" ताई शांतपणे म्हणे, "कोथिंबीर." तो माणूस माझ्याकडे केविलवाण्या नजरेने बघे, खांद्यावर हात ठेवे आणि त्याच्या मेहुण्याच्या आजाराची सगळी हकीकत सांगे. दम लागायचा तो मला, आणि तोही एका जागी उभं राहून.

अशातच एका दुपारी लिफ्ट देखभालीसाठी बंद होती. उन्नतीकडून आम्ही दोघं उन्हातान्हातून परत आलो आणि नाइलाजाने जिना चढायला लागलो. ताई कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराशी, ती धापा टाकत उभी राहिली. मी खिशात किल्ली शोधत होतो. दाराकडे बघत ताई म्हणाली, "कुलूप."

माझा हात खिशातच राहिला. दाराला कुलूपच होतं. महिनोन्‌महिने तिच्या तोंडून कुठल्याही वस्तूचं खरं नाव बाहेर पडलं नव्हतं. मी म्हटलं, "काय म्हणालीस?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मंदबुद्धी मीच आहे. "कु-लूप," ती पुन्हा म्हणाली. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस जिन्यात रडताना बरा दिसत नाही, म्हणून मी घाम पुसल्यासारखं केलं. त्या दिवसापासून लिफ्ट आम्हाला वर्ज्य झाली. डॉक्टरांनी ताईचं प्रेशर, हृदय सगळं तपासून सावकाश चढायला परवानगी दिली. "तुमच्या गुडघ्यांचं मात्र बघा," असं ते मला म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता आमचा कार्यक्रम पद्धतशीर सुरू झाला. चढायचं, टेकायचं आणि दम लागलेला असतानाच समोरच्या वस्तूचं नाव घ्यायचं. पहिल्या मजल्यावर विठाबाई राहतात. आमची इमारत उभी आहे ती जागा म्हणजे त्यांच्या घरची भातशेती होती. जमीन गेली आणि फ्लॅट आले, पण विठाबाईंची उंबऱ्यात बसून भाजी निवडायची सवय काही गेली नाही. ताई वर येताना दिसली की त्या टोपलीतलं काहीतरी उचलून धरायच्या. "बाय, बस जरा. पानी पी. आता ह्यो काय हाय, सांग बगू." ताई बराच वेळ बघायची. "वां... वांगं." विठाबाई टाळ्या पिटायच्या आणि ते वांगं ताईच्या हातात ठेवायच्या. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भाजी विकत आणल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या मजल्यावर मिरचंदानी आंटी लाटणं, चिमटा, छत्री घेऊन सज्ज असायच्या. बरोबर आलं की त्या तोंडात काहीतरी गोड भरवायच्या. ते माझ्याही तोंडात भरवायच्या, आणि मी काहीच ओळखलेलं नसायचं.

मीही माझ्या परीने शिस्त राखत होतो. शब्द बरोबर आला की मी 'पास' म्हणायचो, चुकला की 'रिजेक्ट'. उन्नतीला हे कळल्यावर तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. "काका, त्या काय नटबोल्ट आहेत का? रिजेक्ट काय रिजेक्ट?" मी ते सोडून दिलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी माई देवळात गेली होती म्हणून चहा मी केला. जिना चढून आलेल्या ताईने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "रिजेक्ट." आजारानंतर ताईने शिकलेला पहिला नवीन शब्द हा, आणि तो मी शिकवलेला आहे. चहाचा अपमान गिळून मी अभिमानाने तिला दुसरा कप करून दिला. तोही रिजेक्ट झाला.

इथवर सगळं ठीक होतं. मग उन्मेषने नाव सांगितलं.

बारसं आता ठरलं होतं, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव घालून. हॉलच्या तारखा कुठेच मिळत नव्हत्या. ताईला सरावाला वेळ हवा म्हणून उन्मेषने मला आणि तिला खोलीत नेलं, दार लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "यज्ञेश."

मी म्हटलं, "राम काय वाईट होता?"

"बाबा, वैदेहीला युनिक पाहिजे. आणि हे बघा, बारशापर्यंत कुणालाही कळता कामा नये. माईलासुद्धा नाही. फुलांमध्ये नाव लिहिणार आहेत, त्यावर सोनेरी कापड टाकणार. आत्याने नाव सांगितलं की दोरी ओढायची. सरप्राइज आहे. कुणाला कळलं तर वैदेही मला घरात घेणार नाही."

अजय होतं, अमर होतं, बाळ होतं. माणसाने आपल्या पोराचं नाव ठेवताना जिभेची हाडं मोडायचं काय कारण? पण ताईने माझ्या दंडावर चापट मारून मला गप्प केलं. ती उन्मेषच्या ओठांकडे बघत होती. त्याने पुन्हा सांगितलं. तिने ओठ हलवले. आवाज आला नाही, पण तिने मान डोलावली, जणू गाडी कुठली आणि फलाट कुठला ते तिला समजलं होतं.

आता पंचाईत अशी की जिना चढल्याशिवाय शब्द येत नाहीत, आणि जिन्यात माणसं. नाव घ्यायला एकांत हवा. चौथ्या मजल्याच्याही वर, गच्चीच्या बंद दारासमोर एक छोटी मोकळी जागा आहे. तिथे कुणी येत नाही. पण तिथल्या जाळीच्या दरवाजाची किल्ली भगवंतरावांकडे. मी किल्ली मागितली तर ते म्हणाले, कारण लेखी द्या. मी लिहिलं, 'वैद्यकीय.' ते म्हणाले, सविस्तर. मी लिहिलं, 'गोपनीय वैद्यकीय.' भगवंतरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांच्या बायकोनेच आतून येऊन किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "न्या हो. यांना बँकेत असल्यापासून सवय आहे."

रोज आम्ही त्या जाळीपाशी जाऊन बसायचो. ताई धापा टाकायची, मग डोळे मिटून सुरुवात करायची. आधी नुसतं 'य' यायचं. मग 'येश'. मग 'गणेश' यायला लागलं आणि तेच घट्ट बसलं. घरी उन्मेषला गाठून मी म्हटलं, "उन्मेष, गणेश ठेव, प्रश्न मिटला." तो ऐकेना. ताईही ऐकेना. ती 'गणेश' म्हणून थांबायची, स्वतःवरच चिडून मान हलवायची आणि खाली पहिल्या मजल्यापर्यंत उतरून पुन्हा चढायला लागायची. मागोमाग मी. माझे गुडघे काय म्हणत होते ते मी इथे सांगत नाही. आणि एका संध्याकाळी, जाळीला हात लावून, ताईने ते नाव सबंध, सरळ, एका दमात घेतलं. मी तिचा हात धरून तिथेच पायरीवर बसलो. डेपोत माइक हातात घेतलेली ताई मला त्या चेहऱ्यावर पुन्हा दिसली.

पण ताईच्या आवाजाबद्दल मी सुरुवातीला जे सांगितलं ते मी स्वतःच विसरलो होतो. आणि आमच्या जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत जी पोकळी आहे, तीही माझ्या ध्यानात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाईंनी शेपूची जुडी हातात धरूनच विचारलं, "भाऊ, त्यो यग्नेस कोन हाय?"

मी हबकलो. मिरचंदानी आंटींना वाटत होतं की हा कुरियरवाला असावा, रोज संध्याकाळी येऊन पार्सल न देता जाणारा. भगवंतरावांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "वरच्या जागेत कुणाला परस्पर ठेवून घेतलंय का? भाडेकरूंची पोलिसांत नोंद करावी लागते." एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर कदाचित सगळं निभावलं असतं. पण गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून मी स्वतः दारोदार गेलो आणि प्रत्येकाला शपथ घातली, की हे आमच्या नातवाचं नाव आहे आणि ते कुणालाही कळता कामा नये. ज्यांनी जिन्यातलं काहीच ऐकलं नव्हतं, त्यांनाही मी शपथ घालून आलो. घरी आल्यावर माई म्हणाली, "आता तेवढं मलाही सांगा. इमारतीत मी एकटीच राहिलेय."

दरम्यान भगवंतरावांनी नोटीस बोर्डवर लावलं, 'जिन्याचा वापर केवळ जाण्यायेण्यासाठीच करावा.' मी खाली पेनने लिहिलं, 'आम्ही तेच करतो.' मांडवाला परवानगी देताना मात्र त्यांनी उट्टं काढलं. त्यांची स्कूटर आहे तिथून हलणार नाही, असं ते म्हणाले. त्यामुळे आमच्या मांडवात उजव्या हाताला झेंडूच्या माळा घातलेली एक स्कूटर उभी होती, आणि फोटोंत ती सगळीकडे आली आहे.

बारशाला पार्किंग भरून गेलं. अंबरनाथहून वैदेहीचं माहेर आलं, आमचे नातेवाईक आले, इमारत तर सगळीच होती. इमारतीतल्या लोकांच्या चेहऱ्यावर जो अजाणपणा होता, तो फार उघड दिसत होता. सोनेरी कापडाची दोरी भगवंतरावांच्या हातात. पाळणा म्हणून झाला, बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देऊन-घेऊन झालं. हिरवी इरकल नेसलेली ताई पुढे आली. तिच्यामागे शलाका उभी राहिली, लागलंच तर म्हणून. ताई वाकली आणि तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्रर्रऽऽ!"

ते झकास झालं. मांडव हसला. मग ताईने श्वास घेतला आणि थांबली. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले. "ग..." एवढंच आलं आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मला पाळण्याची करकर ऐकू येत होती. ताईच्या मानेवर घाम आला होता. शलाकाच्या डोळ्यांत पाणी होतं. वैदेही पुढे होऊन हळूच म्हणाली, "आत्या, राहू दे ना. काही नाही होत."

ताई सरळ झाली. तिने वैदेहीसमोर पंजा उभा धरला, तसा ती डेपोत सुटणारी गाडी थांबवताना धरायची. मग ती वळली आणि माणसांतून वाट काढत मांडवाबाहेर चालू लागली. "बिचारी, मनाला लागलं हो," कुणीतरी म्हणालं. उन्मेष माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात माझी जबाबदारी स्पष्ट दिसत होती. पण ताई लिफ्टपाशी थांबली नाही. ती जिन्याकडे वळली. तेव्हा विठाबाई ओरडल्या, "अगं बाय, ती तं जिना चरायला लागली!"

मी धोतर सावरत मागे धावलो. हो, धोतर. समारंभाला मी धोतर नेसतो, आणि त्याच्यासकट जिना चढणं काय असतं ते सायकलीच्या अनुभवानंतर मी वेगळं सांगायला नको. एकही दार उघडं नव्हतं. सगळी इमारत खाली होती. कुणी वांगं दाखवलं नाही, कुणी छत्री दाखवली नाही. ताई पुढे आणि मी मागे, आमच्या चपलांचा आवाज तेवढा होता. ताई गच्चीच्या जाळीपर्यंत गेली, जाळीला हात लावला, क्षणभर कपाळ टेकून उभी राहिली आणि उतरायला लागली. पास म्हणालो नाही, रिजेक्ट म्हणालो नाही. नुसता तिच्या बरोबरीने उतरत राहिलो. त्या सबंध जिन्यात मला एवढंच वाटत होतं, की आता नाव येवो किंवा न येवो, ही बाई माझी बहीण आहे.

मांडवात कुणीही जागचं हललं नव्हतं. ताई धापा टाकत पाळण्यापाशी आली. केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. ती वाकली.

"कुर्रर्रर्रऽऽ! यज्ञेश!"

हे कानात सांगितलं असं म्हणता येणार नाही. हे फलाटाच्या पार टोकापर्यंत गेलं. बाळ दचकून उठलं आणि बापासारखंच रडायला लागलं. भगवंतरावांनी दोरी इतक्या जोरात ओढली की कापडासोबत फुलांतला 'श'ही खाली आला.

आणि मग इमारतीला आपली शपथ आठवली. "अय्या, यज्ञेश!" "किती वेगळं नाव!" "वॉट ए सरप्राइज!" असा एकच गलका उठला. मिरचंदानी आंटींनी तोंडावर हात ठेवला. विठाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मना तं बिलकुल ठावं नव्हता!" वैदेहीने विठाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बाबा?" ती म्हणाली. मी मांडवाच्या छताची शिलाई बघत होतो. पण ती रागावली नाही. रडतच ती हसायला लागली.

आता नाव सांगून झालं की बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. सगळ्या जणी हात उचलून जवळ आल्या आणि तशाच थबकल्या. इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलेली बाई, तिला मारायचं कसं? ताई पाळण्यावर वाकून, पाठ पुढे करून वाट बघत राहिली. हात काही पडेनात.

"मारा," ताई मान न वळवता म्हणाली. मग थोडं थांबून तिने सबंध वाक्य जुळवलं. "मारा की गं!"

पहिला बुक्का वैदेहीने मारला, हलकेच. मग शलाकाने. मग विठाबाईंनी मारला, आणि तो भातशेती केलेल्या हाताचा होता. ताई 'आई गं' म्हणून हसायला लागली आणि मग सगळ्याच बायका तिच्यावर तुटून पडल्या. त्या घोळक्याच्या बाहेर मी उभा होतो. मी आजवर कारखान्यात पुष्कळ माल पास केला, पण एवढी छाती कधी फुगली नव्हती.

घोळक्यातून ताईने मान वर काढली आणि मला शोधलं.

"विष्णू," ती म्हणाली. संक्रांतीनंतर पहिल्यांदा मला माझं नाव परत मिळालं. "तू पण."

पुरुष बुक्का मारत नाहीत, हे मला ठाऊक होतं. भगवंतराव काहीतरी बोलायच्या बेतात होते, त्यांना त्यांच्या बायकोने गप्प केलं. मी पुढे गेलो आणि ताईच्या पाठीवर हळूच मूठ टेकवली.

ताईने वळून मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"रिजेक्ट," ती म्हणाली.

दुसरा बुक्का मी जोरात मारला. तो पास झाला.